ठेच्यातली गोळी

"मी काय चोरीचा बैल हावो काय, मले खोलीत कोंडून राह्यली?"

बळीरामनं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले आणि असा काही ठिय्या दिला की मागून ढकलता ढकलता प्रभावतीचाच दम निघाला. बाई गावची सरपंच झाली म्हणून काय झालं, नवरा ढकलायला अंगात जोर लागतोच.

"हळू बोला ना! समिती फाट्यावर आली असंन."

"येऊ दे. मी सोता जयभीम घालतो समितीले. मले झालं काय? हे दंड पाह्य, दंड!"

"तुमचे दंड पाहू पाहू म्हातारी झाली मी. बीपी काय दंडात असते?"

"मंग मशीनचा पट्टा काय पायाच्या टोंगळ्याले बांधतेत?"

उत्तर सुचलं नाही की प्रभावती अंगानं बोलते, हे तिच्या सासरी सगळ्यांना माहीत होतं. तिनं पदर खोचला, दोन पावलं मागं सरकली आणि खांद्यानं अशी धडक दिली की बळीराम चौकटीतून सुटला तो थेट कापसाच्या ढिगात जाऊन पडला. पडला कसला, रुतलाच. वर नुसते पाय दिसत होते.

"आले काय सरपंचीनबाईचे मालक?" अंधारातून जमनाबाईनं विचारलं आणि ती हसायला लागली. जमनाबाई तांड्यावरची, अंगानं भरलेली, आणि तिचं हसू एकदा सुरू झालं की मळणीयंत्रासारखं आपलं आपण थांबत नसे. तिच्या हसण्यानं कापूस हलायला लागला, कापूस हलला तसा पलीकडे बसलेला रहमतचाचा घसरत घसरत खाली आला.

"या अल्ला! इसको कोई चुप कराओ," रहमतचाचा तोंडातला कापूस थुंकत म्हणाला.

टेंभुरडोह हे बोरी अरबच्या पलीकडचं काळ्या मातीचं गाव. दिवाळी सरली की इथल्या घरात माणसं कमी आणि कापूस जास्त राहतो. प्रभावतीच्या घराची मागची मोठी खोली दुसऱ्या वेचणीच्या कापसानं कमरेच्या वर भरली होती, आणि त्या कापसावर आज सकाळपासून गावातले सगळे आजारी लोक ओळीनं आणून बसवले होते. बीपीवाले, शुगरवाले, दोन्हीवाले. गावातला मशिनीवर कपडे शिवणारा रहमतचाचा शुगरवाला. जमनाबाईचं बीपी दारव्ह्याच्या एका डॉक्टरनं एकदा मोजलं होतं आणि मोजून झाल्यावर आधी स्वतः पाणी प्याला होता.

हे सगळं घडलं ते एका फोनमुळे. मागल्या आठवड्यात ग्रामसेवकानं कुठल्याशा मीटिंगच्या गलक्यातून ओरडून सांगितलं होतं, "बाई, यवतमाळहून डॉक्टर लोकाईची टीम येऊन राह्यली! बीपी-शुगरचं काम हाय! तुमचं गाव आन धानोडी, दोनातून एक निवडनार! जे निवडलं, त्या गावात दर महिन्याले डॉक्टर, मशीन, औषधं, सगळं गावातच! तयारी ठेवा!" आणि फोन कटला.

तयारी ठेवा, हे टेंभुरडोहाला दोनदा सांगावं लागत नाही. या गावानं जितक्या समित्या पाहिल्या तितक्या वराती पाहिल्या नसतील. हागणदारीमुक्तीची समिती आली त्या दिवशी गावातली झाडून सगळी टमरेलं गोळा करून शाळेत कुलपात ठेवली होती. तंटामुक्तीची आली तेव्हा म्हातारा डोमाजी आणि त्याचा भाऊ, जे बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नव्हते, त्यांना एका ताटात जेवायला बसवलं. समितीच्या डोळ्यांत पाणी आलं. जीप वळणाआड गेल्यावर दोघं पुन्हा भांडले ते वांग्याची भाजी जास्त कोणी खाल्ली यावरून. दोन्ही खेपेला पहिला नंबर टेंभुरडोहाचाच. म्हणजे गोष्ट सरळ होती. समिती चांगलं गाव निवडते. घाण झाका, भांडण झाका, आणि आता रोग झाका. रोगी गावाला कधी कोणी बक्षीस दिलंय?

हे उलटं चाललंय असं सांगणारी एकच बाई गावात होती, आशा सेविका शीला. ती नेमकी चार दिवस ट्रेनिंगला यवतमाळला गेली होती आणि आज त्याच टीमच्या जीपमधून परत येणार होती.

प्रभावतीला हा नंबर गावासाठी पाहिजे होता, हे खरं. पण ते अर्धंच खरं. दोन वर्षांमागं बळीरामचा थोरला भाऊ वावरात बैलाच्या चालत्या डवऱ्यामागं कोसळला होता. अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि पुढं तो खाटेवर पडून पडून गेला. बीपी होतं, कळलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग यंदा पावसाळ्यात घरच्यांची तपासणी केली तर बळीरामचंही तसंच निघालं. बळीरामनं एक महिना गोळ्या खाल्ल्या. बरं वाटलं, तसं पोळ्याच्या दिवशी त्यानं गोळ्यांचं पाकीट उकिरड्यावर भिरकावलं. "मले काही दुखत नाही. ज्याले दुखते त्यानं गोळी खावं."

प्रभावतीनं हातापाया पडून पाहिलं, रडून पाहिलं, आठ दिवस अबोला धरला. अबोला बळीरामला फार मानवला. शेवटी एका सकाळी ती त्याच्यापुरता ठेचा कुटत होती. मिरच्या, लसूण, मीठ. आणि कुटता कुटता तिचा हात आपोआप फडताळातल्या दुसऱ्या पाकिटाकडे गेला. एक गोळी खलबत्त्यात टाकली आणि डोळे मिटून कुटली. त्या दिवशी बळीरामनं भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाला, "आज ठेच्याले चव आली बरं." तेव्हापासून रोज सकाळी तेच. तहसीलच्या कामाच्या नावाखाली ती दारव्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जायची आणि गोळ्या घेऊन यायची. पण मागल्या खेपेला औषधाच्या खिडकीतल्या बाईनं सांगून टाकलं, "आता पेशंटले सोबत आना. डॉक्टरनं पाह्यल्याबिगर पुढची गोळी भेटनार नाही."

बळीराम दारव्ह्याला जाईल तर सूर्य पश्चिमेला उगवेल. म्हणून डॉक्टरच गावात यायला पाहिजे होता. गावात डॉक्टर बसला की गप्पा मारता मारता याच्या दंडाला पट्टा गुंडाळता येईल, असा तिचा बेत. फडताळातलं पाकीट संपत आलं होतं. दिराला तिनं आपल्या हातानं चमच्या चमच्यानं पेज भरवली होती. नवऱ्याला तशी भरवायची वेळ तिला येऊ द्यायची नव्हती.

"ऐका सगळे," तिनं दारातून दटावलं. "शिंकाचं नाही. खोकलाचं नाही. खर्रा-तंबाखू इकडे द्या. जमनाबाई, तू हासाचं नाही."

"मंग मी करू काय?"

"झोप."

दाराला कडी घातली, कडीला कुलूप घातलं आणि सरपंचबाई डोक्यावर पदर सारखा करून ग्रामपंचायतीकडे निघाल्या.

फाट्यावरून जीप आत वळली तेव्हा तिच्यापुढं डोमाजी धावत होता. पंच्याहत्तरीचा, काडीसारखा, पण अंगात धमक. गावची तब्येत दाखवायची म्हणून प्रभावतीनं त्याला जीपपुढं धावायची कामगिरी दिली होती. डोमाजी असा सुटला की ड्रायव्हरला वाटलं म्हातारा पळून चाललाय. ग्रामपंचायतीसमोर गावातले तरणे पोट्टे ओळीनं उभे होते, त्यातले दोघं विनाकारण जोर काढत होते.

जीपमधून डॉक्टर फरहाना उतरल्या. दिग्रसच्या कापूस बाजारामागच्या मोहल्ल्यात वाढलेल्या, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं मोकळं. त्यांच्या मागून शीला उतरली आणि समोरचा देखावा पाहून तिनं कपाळावर हात मारला. मग ती प्रभावतीकडे पाहून डोळे मिचकावायला लागली. एक डोळा, मग दुसरा, मग दोन्ही.

"काय व शीला, डोळ्यात कापूस गेला काय?" प्रभावती मायेनं म्हणाली. "पान्यानं धुऊन घे."

तपासणीला पहिला बसला डोमाजी. फरहानांनी पट्टा बांधला, मशीन घुर्रर्र वाजलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आजोबा, हे तं फारच वर हाय!"

प्रभावती पुढं झाली. "नाही नाही, मॅडम! थो धावून राह्यला होता न!"

"ते मी पाह्यलं. कायले धावत होते?"

"आनंदानं," डोमाजी धापा टाकत म्हणाला.

"आता पाच मिनिटं शांत बसा. पाय खाली, पाठ टेकवून. बोलाचं नाही. धावून आलं, भांडून आलं की आकडा चढतो, तो खरा नसतो."

डोमाजीला पाच मिनिटं गप्प बसवणं ही गावासाठी मोठी बाब होती. एकानं त्याच्या तोंडावर हात धरला. मग पुन्हा मोजलं, तर आकडा पोरासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचेही सगळे तसेच निघाले. कोणाला बीपी नाही, कोणाला शुगर नाही. फरहाना एकेकाचं बोट टोचत होत्या, पट्टा बांधत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू कोड्यात पडत चालला होता.

"ताई, गावात म्हातारी मानसं एवढीच? बाकीचे कुठं हायेत?"

"लग्नाले गेले," प्रभावती म्हणाली.

"नेरले," एक जण म्हणाला.

"पुसदले," त्याच क्षणी दुसरा म्हणाला.

"नवरी नेरची, नवरदेव पुसदचा," प्रभावतीनं सावरलं.

शीलानं आता डोळे मिचकावणं सोडून भिंतीला डोकं टेकवलं होतं.

फरहानांनी मशीन पेटीत ठेवलं आणि हात जोडले. "प्रभाताई, खरं सांगू? एवढं ठणठणीत गाव मी जिल्ह्यात पाह्यलं नाही. तुमचं अभिनंदन!"

गावानं जल्लोष केला. कोणीतरी फटाके आणायला पळालं.

"तुमाले आमची काहीच गरज नाही," फरहाना पुढं म्हणाल्या. "आमी धानोडीले जातो. तिथं घरोघरी बीपी हाय म्हनतेत."

जल्लोष मधेच थांबला.

"म्हंजे... दवाखाना धानोडीले?" प्रभावतीचा आवाज चिरकला.

"हो ना. जिथं रोग, तिथंच दवाखाना नको काय?"

"पन पह्यला नंबर आमचा आला ना?"

"आलाच."

"मंग बक्षीस धानोडीले कायले?"

फरहाना तिच्याकडे पाहतच राहिल्या. तेवढ्यात शीला भिंतीपासून सुटली. "बाई! मी मघापासून डोळे मारून राह्यली तुमाले! हे रोग लपवाचं नाही, रोग सापडवाचं काम हाय!"

प्रभावतीनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि ती घराकडे अशी धावली की डोमाजीनंही तोंडात बोट घातलं. मागून टीम, मागून पोट्टे, त्यांच्या मागून कुत्रे. कुलूप निघालं, कडी निघाली, दार उघडलं, तर आत शांतता. शांतता म्हणजे घोरणं. मऊ कापूस, ऊब, अंधार आणि कामाला सुट्टी. सगळे आजारी लोक आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या डाराडूर झोपले होते.

"उठा व! उठा!" प्रभावती ओरडली. "आता आजारी व्हा सगळे!"

एकेक जण उन्हात आला. डोक्याला कापूस, मिशीला कापूस, भुवयांना कापूस. जमनाबाई तर अशी दिसत होती की तिच्या नातवानं तिला ओळखलंच नाही आणि भोकाड पसरलं.

"लग्नाहून आले वाटते," फरहाना म्हणाल्या. आणि मग त्यांनाही हसू आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि मशीन पुन्हा बाहेर काढलं.

जमनाबाईचं बीपी झोपून उठल्यावरही वरच होतं. तिला पाच मिनिटं गप्प बसवलं, पण ती गप्प राहूनही पोटातून हसत होती. रहमतचाचाचं बोट टोचलं तर शुगर भलतीच निघाली.

"चाचा, काय खाऊन आले?"

रहमतचाचानं मान खाली घातली. "अंधारात काही दिसेना, बेटी. हाताले गुळाची भेली लागली."

"माही भेली?" प्रभावती किंचाळली.

"आधी लागली तं हात मागं घेतला मी," चाचा प्रामाणिकपणे म्हणाला. "मंग पुन्हा लागली."

अशी एकेक माणसं निघत गेली. फरहानांचा चेहरा उजळत चालला, कारण डॉक्टरला हवं ते सगळं या घरात निघत होतं. शीला प्रत्येकाचं नाव-वय सांगत होती. प्रभावतीला वाटलं, जमलं. दवाखाना आला. शेवटी बळीराम खुर्चीवर बसला, पाठ टेकवून, पाय खाली, नुकताच झोपेतून उठलेला. मशीन घुर्रर्र वाजलं.

"काका, तुमचं एकदम बरोबर हाय," फरहाना म्हणाल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा बरोबर. "गोळी कोनती चालू हाय?"

"गोळी?" बळीराम उभाच राहिला. "पोळ्यापासून गोळीले हात लावला नाही मी! पोळ्यापासून!"

"मंग तुमाले गोळीची गरज दिसत नाही. अशात कायले द्यायची?"

बळीरामला आभाळ ठेंगणं झालं. तो ओट्यावर चढला. "ऐका रे सगळे! ही घरची सरपंच रोज माह्या मागं लागे, गोळी घ्या, गोळी घ्या. आता मशीननं सांगतलं. डॉक्टरनं सांगतलं. वावरात राबा, भाकर-ठेचा खा, काही होत नाही मानसाले!"

"मंग मी बी उद्यापासून बंद करतो गोळी," जमनाबाई म्हणाली. मागं दोघातिघांनी माना हलवल्या.

प्रभावती खांबाला धरून उभी होती. दवाखाना तर मिळालाच होता. आता ती काही बोलली नाही तरी चाललं असतं, समितीपुढं आजवर ती कधी खरं बोलली होती? पण डॉक्टरनं लिहून टाकलं असतं, बळीरामला गोळी नको. पाकीट चार दिवसांत संपलं असतं. आणि मग एखाद्या सकाळी वावरातून कोणीतरी धावत आलं असतं.

"त्याइचा आकडा खोटा हाय, मॅडम," ती म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही, ताई."

"मशीन नाही. मी खोटी हाय." तिनं डोळे घट्ट मिटले. "मी रोज ठेच्यात गोळी कुटून टाकतो."

अंगणात दाणे टिपणारी कोंबडीसुद्धा थांबली.

"कोनाच्या ठेच्यात?" बळीरामनं ओट्यावरून विचारलं.

"तुमच्या."

"रोज?"

"रोज. पोळ्यापासून."

"आन मी म्हनत होतो, चव आली!"

आधी जमनाबाई फुटली. "याडी ये!" अशी तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत ती खालीच बसली आणि तिच्या अंगावरचा कापूस सगळ्या अंगणात उडाला. मग डोमाजी, मग पोट्टे, मग भिंतीवरून पाहणाऱ्या बाया. सगळं गाव हसत होतं आणि बळीराम मात्र लाल होऊन ओट्यावरून उतरला, लिंबाच्या झाडाखाली गेला आणि गावाकडे पाठ करून बसला.

फरहाना हसल्या नाहीत. "ताई, हे चूक हाय. मानसाले न सांगता औषध देनं चूकच. ही गोळी कुटून चालली हे तुमचं नशीब, दुसरी असती तं जिवावर आलं असतं. आन त्या ठेच्यात मीठ किती?"

"मूठभर."

"या खुदा! मीठ बीपी वर नेते, गोळी खाली आनते. तुमी त्या बिचाऱ्या काकाच्या पोटात कुस्ती लावून ठेवली!"

"माहीत नव्हतं, मॅडम." आणि मग तिला रडू आलंच. "याइच्या भावाले मी पेज पाजत होती. अर्धी तोंडात जाये, अर्धी उशीवर. मी काय करू? सांगून आयकत नाहीत."

फरहाना वळून सगळ्या गावाला म्हणाल्या, "नीट आयका. काकाचा आकडा बरोबर हाय तो गोळीमुळं. गोळी थांबली की आकडा चढनार. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हनूनच ते मानसाले फसवते. आमी इथं येऊन मोजनार, औषध देनार, आन कापसाच्या गावाइत हे एवढं काहून वाढून राह्यलं याचा शोध घेनार. पन ते आमी एकटे नाही करू शकत. खोली तुमची, मानसं तुमची, मीठ कमी कराचं तं तुमच्याच चुलीवर."

"म्हंजे बटई झाली," जमनाबाई डोळे पुसत म्हणाली. "बियानं तुमचं, वावर आमचं."

"बटईच. पन बटईत अर्धं पीक लपवून ठेवलं तं?"

यावर गावातल्या सगळ्या कर्त्या माणसांनी जमिनीकडे पाहिलं. त्यातल्या काहींनी ते करून पाहिलेलं होतं.

"नाही लपवनार," प्रभावती म्हणाली.

"आन मंग धानोडीची मानसं बी इथंच येतीन. चालीन?"

धानोडीचं नाव निघताच सरपंचबाईच्या नाकपुड्या फुलल्या. पण तिनं मान हलवली. "चालीन. कापूस विकला की हीच खोली घ्या."

"आता तुमी बसा. गावात तुमीच राह्यल्या."

"मले कायले? मी तं दुसऱ्याइचं सांभाळतो."

फरहानांनी तिला धरून खुर्चीवर बसवलं. धावणं झालं होतं, रडणं झालं होतं, म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ शांत बसवलं. मग मशीन घुर्रर्र वाजलं. फरहानांनी थोडं थांबून पुन्हा मोजलं. दुसऱ्या हाताला मोजलं. शीला जवळ येऊन उभी राहिली आणि तिनं प्रभावतीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, तुमचं फार वर हाय. जमनाबाईपेक्षा बी. हे आजचं नसंन, बरेच दिवसापासून असंन."

"मशीन बिघडलं."

"नाही बिघडलं. उद्या, परवा शीला पुन्हा मोजीन, पन गोळी आजपासूनच सुरू कराले लागते."

"मी नाही खात गोळी," प्रभावती एकदम म्हणाली. "मले काही दुखत नाही."

बोलून गेली आणि बळीरामचंच वाक्य आपल्या तोंडून तिला ऐकू आलं. सगळ्या अंगणालाही ऐकू आलं. पण आता कोणी हसलं नाही, कारण लिंबाखालचा बळीराम उठला होता. मिशीत कापूस तसाच. तो भराभरा आला, मशीनजवळ वाकला, काचेतल्या आकड्याकडे पाहिलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मग त्यानं बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

त्यानं फरहानांना हातानं खूण करून बाजूला नेलं. बाजूला म्हणजे दोन पावलं. आणि हळूच, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू येईल एवढ्या हळूच, विचारलं, "मॅडम, हिले न सांगता देता येईन अशी गोळी हाय काय? ठेचा मी कुटतो."

मग मात्र जे हसू फुटलं ते आवरेना. फरहाना मशीनच्या पेटीवर टेकून हसल्या, शीलाच्या डोळ्यांतून पाणी आलं, रहमतचाचानं जमनाबाईला आणि जमनाबाईनं रहमतचाचाला सावरलं. प्रभावती हसत होती की रडत होती ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच कळलं की गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच तिची भीती दुसऱ्या कोणीतरी अर्धी उचलली होती, आणि तिला फार हलकं वाटलं.

"न सांगता काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "समोर घेईन मी. तुमी घेसान तं."

"तू आधी घे."

"तुमी आधी."

"दोघं संगं घ्या!" फरहाना ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं दोन वाट्या पाणी होतं आणि दोन गोळ्या. प्रभावतीनं ठेच्यात मीठ चिमूटभरच घातलं होतं. बळीरामनं भाकरीचा घास लावून खाल्ला आणि तोंड कडू केलं.

"काही चव नाही बा याले."

"गोळी नाही त्यात. मीठ बी नाही."

"गोळीनंच चव येत होती म्हनतो मी."

"मंग घ्या न आता, नुसतीच घ्या."

एक-दोन-तीन म्हणून दोघांनी गोळ्या तोंडात टाकल्या आणि पाणी प्यायले. तरी कोणी उठेना. बळीराम तिच्याकडे पाहत होता, ती त्याच्याकडे.

"आ कर," तो म्हणाला.

"काहून? विश्वास नाही काय?"

"तुयावर? तुयावर कोन विश्वास ठेवीन व आता? आ कर. जीभ वर कर."

प्रभावतीनं आ केला, जीभ वर केली. त्यानं वाकून, नीट, अगदी दाढेपर्यंत पाहिलं. मग तिनं त्याला आ करायला लावलं आणि तसंच पाहिलं. दोन्ही तोंडं रिकामी होती. तेव्हा कुठं तिनं चहाचं आधण ठेवलं.